घरातले जुने फोटो नीट लावून जपायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की माहेरच्या ट्रंकेत आजोबांच्या काळापासूनचे चारेकशे फोटो आहेत, काही अल्बमला चिकटलेत आणि स्कॅनर घ्यावा की दुकानात द्यावेत हे ठरत नाहीये. स्कॅनरचं नंतर बघा. आधी घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस गाठा.

मी उलट केलं. दोन वर्षं रविवारी स्कॅनिंग करत बसलो आणि मग आत्याकडे गेलो. तोवर तिला ८६वं लागलं होतं. एका मुंजीचा ग्रुप फोटो होता, चौदा माणसांचा. चेहरे तिला ओळखू येईनात. मग तिने भिंग एका बाईच्या नथीवर धरलं आणि म्हणाली, "ही माई. नथीतला खालचा मोती पडला होता तिच्या, तो पुन्हा बसवलाच नाही." अकरा जणांची नावं तिने सांगितली. उरलेल्या तिघांचं "आठवून सांगते" म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. ते तिघे कोण, हे आता आमच्यात कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि फोटो घेऊन बसा. एका बैठकीला वीस-पंचवीस पुरेत. नावं फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. रंगीत फोटोंचा कागद मागून प्लास्टिकसारखा गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटत नाही, अशा वेळी नंबर टाकून नावं पाकिटावर लिहा.

चिकटलेले फोटो बहुधा १९८० च्या आसपासच्या, वर पारदर्शक प्लास्टिक असलेल्या अल्बममधले असतील. त्या पानांचा गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. नखाने उचकटू नका. आधी आख्ख्या पानाचा फोटो काढून ठेवा, मग दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. तरीही निघत नसेल तर राहू द्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर काचेसकटच स्कॅन करावा. ओढला की चेहरा काचेवर राहतो. काळ्या पानांचे, कोपऱ्यांत बसवलेले जुने अल्बम मात्र मोडू नका, लावणाऱ्याने लावलेला क्रमही जपण्यासारखा असतो.

स्कॅनिंगला रंगीत फोटो आधी घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो अंधारात ठेवले तरी लालसर होत जातात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांनी उमटलेले, स्टुडिओत नीट धुतलेले असतील तर ते कितीतरी जास्त टिकतात. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरतं: चार बाय सहा इंचांचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि दुप्पट आकारात स्वच्छ छापता येतो. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. फाइलच्या नावात साल आधी टाका. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोची फाइल दाबून लहान केली जाते. एक प्रत घरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी भावाबहिणीकडे आणि एक क्लाउडवर असू द्या.

मूळ फोटो फेकायचे नाहीत हे सांगायला नकोच. माळ्यावर उन्हाने तापतं आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते, म्हणून आतल्या खोलीतल्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. डांबराच्या गोळ्या नकोत. वास येणारी पीव्हीसीची पाकिटंही नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या लगेच वेगळ्या काढा. तो बिघाड शेजारच्या निगेटिव्हलाही लागतो.

दुकानात द्यायचेच असतील तर फक्त सुटे फोटो द्या, मोजून आणि नंबर टाकून. मी एकदा आख्खा अल्बम दिला होता. त्यांनी फोटो ओढून काढले आणि आईच्या लग्नाच्या फोटोचा कोपरा पानालाच राहिला. तो कोपरा अजून माझ्याकडे पाकिटात आहे.