तज्ज्ञांना विचारा : छोट्या बुद्धिमापन चाचणीचा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : माझ्या साडेआठ वर्षांच्या मुलाची शाळेत वीस मिनिटांची बुद्धिमापन चाचणी घेतली. बुद्ध्यंक 78 आला. तो मतिमंद आहे असे समजायचे का?

उत्तर : नाही. ही चाचणी फक्त चाळणी आहे. पुढे सविस्तर तपासणी करायची की नाही, एवढेच ती सांगते. सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) 15 धरून हे गुण काढतात. चाचणीची विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे, याचा 0 ते 1 मधला आकडा) 0.91 असेल तर मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणांतली नेहमीची चूकभूल, साधारण 4.5 गुणांची येते. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली तर 78 ऐवजी खरा आकडा 69 ते 87 या पट्ट्यात कुठेही असू शकतो. अहवालात हा पट्टा दिला नसेल तर तो मागून घ्या. नुसता एकच आकडा छापणारा अहवाल आम्ही अर्धवट मानतो.

मग शाब्दिक आणि अशाब्दिक गुण वेगवेगळे पाहा. शाब्दिक 70 आणि अशाब्दिक 90 असतील, तर एकत्रित आकडा 78च्या आसपास येतो खरा, पण तो मुलाच्या कुठल्याच बाजूचे वर्णन करत नाही. अशा वेळी आधी श्रवण तपासा आणि चाचणीची भाषा मुलाच्या घरातली होती का, ते विचारा.

चुका बऱ्याचदा चाचणी घेणाऱ्याकडूनच होतात. वयाचेच घ्या. जन्म 25 जुलै 2015, चाचणी 10 मार्च 2024. दिवस उसने घेताना महिना 30 दिवसांचा धरायचा, म्हणजे वय 8 वर्षे 7 महिने 15 दिवस. पंधरा दिवस झाले म्हणून ते 8 महिने करायचे नाहीत. तसे केले तर वयानुसार गुण देणाऱ्या तक्त्याचा रकाना बदलू शकतो आणि गुण उगाच घटतात. सलग ठरावीक चुका होण्याआधीच प्रश्न थांबवणे आणि बरोबर उत्तराला मान डोलावणे, हेही नेहमीचेच. शिवाय मानके (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते तक्ते) जुनी असतील तर गुण फुगतात, दशकाला सुमारे 3 याप्रमाणे.

बहुतेक छोट्या चाचण्यांत कार्यस्मृती (माहिती क्षणभर मनात धरून वापरणे) आणि प्रक्रियेचा वेग मोजलाच जात नाही. बौद्धिक अक्षमतेच्या (तुम्ही ज्याला मतिमंद म्हणता त्याच्या) निदानासाठी तास-सव्वा तासाची पूर्ण चाचणी लागते. कपडे घालणे, पैशांचा व्यवहार, संवाद अशा दैनंदिन कौशल्यांचे मूल्यमापनही लागते. ते नसेल तर 65 आले तरी निदान होत नाही.

प्रश्न : हीच चाचणी महिन्याभराने पुन्हा घेतली तर?

उत्तर : घेऊ नका. ठोकळे आणि आकृतिबंधांची युक्ती एकदा कळली की गुण सरावानेच वाढतात. मानसशास्त्रज्ञांना आधीच्या चाचणीचे नाव आणि तारीख सांगा, ते दुसरी निवडतील.

प्रश्न : वडील विसरायला लागले आहेत. त्यांनाही अशीच चाचणी द्यावी का?

उत्तर : इथे ती फसवते. शब्दसंग्रह म्हातारपणी बराच टिकतो, त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला गुण चांगलेच दिसू शकतात. त्यासाठी 30 गुणांची ‘मोका’सारखी चाळणी वापरतात. तीत घड्याळ काढायचे असते आणि पाच शब्द थोड्या वेळाने आठवायचे असतात. मूळ निकष 26चा, म्हणजे 26 किंवा जास्त गुण सामान्य; शिक्षण 12 वर्षे किंवा त्याहून कमी असल्यास एक गुण वाढवून देतात. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र आणि दिसायला कमी येत असेल तर चष्मा लावूनच बसवा.