दोन तास मिळाले तरच वाजवायचं?

"मॅडम, नोकरी सोडू की गिटार?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सारखा येतो. कधी गिटारच्या जागी कथक असतं, कधी कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेची तालीम. गोव्यात वाजवणारे, गाणारे घरोघरी, आणि त्यातल्या बहुतेकांना सकाळी कामावर जायचं असतं. एकाचीच गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो फोंड्याचा. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात. फिरती शिफ्ट, ऑडिट आलं की रजा बंद, परतताना बोरीच्या पुलावर गाड्यांची रांग. कॉलेजात अकूस्टिक गिटार सुंदर वाजवायचा. आता ती केसमध्ये पडून.

सुरुवातीला तो वेळेचंच रडगाणं गात होता.

"काल घरी कधी पोहोचलात?"

"साडेसातला."

"जेवण?"

"नऊला. मधे मोबाईल. तेवढ्यात काय वाजणार? दोन तास तरी सलग हवेत."

"असे दोन तास शेवटचे कधी मिळाले?"

बराच वेळ आठवून म्हणाला, "चवथीच्या सुट्टीत."

रोज पंधरा मिनिटं वाजवून बघा म्हटलं. पुढच्या भेटीला तो वैतागूनच आला. "एफ कॉर्डला एका बोटानं सगळ्या तारा दाबल्या की तार झणझणते. चुकलं की मी परत पहिल्यापासून सुरू करतो. पंधरा मिनिटं त्यातच जातात."

"चुकलं तरी पुढे का जात नाही?"

"चूक तशीच कशी सोडणार?"

"कारखान्यात काय करता?"

"तिथं डेव्हिएशन आलं, म्हणजे ठरल्यापेक्षा काही वेगळं झालं, की बॅच अडते. नोंद, कारण, सुधारणा..." तो थांबला. मला कधीचं दिसत होतं, पण मी गप्प बसले. ते त्यानं म्हणायला हवं होतं. मग हसून म्हणाला, "मॅडम, मी गिटारचंही ऑडिट करतोय."

नोकरीनं त्याचा वेळ घेतला होता हे खरंच. पण त्याहून जास्त नडली ती तिची फूटपट्टी, जी तो रोज घरी घेऊन यायचा. गोळी रुग्णाच्या पोटात जाते, तिथं कडकपणा हवाच. पण दमून घरी आल्यावर पुन्हा तपासनीसच समोर बसणार असेल, तर माणूस मोबाईलच उचलेल. 'छान वाजावं' या इच्छेचा 'चुकताच कामा नये' असा हुकूम झाला की आवडीचं कामही शिक्षा वाटतं. १९५५ पासून मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हेच सांगत आले, आणि माझ्या खोलीत मी ते पुन्हा पुन्हा खरं होताना पाहिलंय.

त्यामुळे माझा पहिला सल्ला वेळापत्रकाचा नसतो. पंधरा मिनिटांतली पाच चुकत, न थांबता वाजवायची. दुरुस्ती नंतर, तीही एकाच जागेची. रविवारी तीन तास घासण्यापेक्षा रोजचं थोडं हाताला जास्त लागतं, आणि बोटांचे घट्टेही टिकतात. फिरत्या शिफ्टवाल्यांनी घड्याळाची वेळ ठरवू नये. 'अंघोळ झाली की' असं काहीतरी ठरवावं. रात्री घर झोपलेलं असेल तर ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या पोटावर जिथं अडकवतात तिथं, तारांखाली रुमाल सारावा, आवाज दबतो. पावसाळ्यात दमटपणानं लाकूड फुगतं, तेव्हा गिटार केसमध्येच बरी. पण केस माळ्यावर नको, हाताशी हवी. आणि बायकोला आधी सांगा. नाहीतर त्या पंधरा मिनिटांवरूनही भांडण होतं, हेही मी पुष्कळ ऐकलंय.

झोपच उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर मात्र हा वेळेचा प्रश्न नाही. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत डॉक्टरांना दाखवा.

त्यानं नोकरी सोडली नाही. गेल्या हंगामात एका हॉटेलात अधूनमधून वाजवलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच. त्याआधी नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचून एचआरकडून लेखी परवानगी घेतली. हे मी सुचवलं नव्हतं. तिथं त्याच्यातला तपासनीस कामाला आला.