गुण घटले, तरी भाऊ गप्पच

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. भास थांबले, पण तो कुणाशी बोलत नाही आणि सांगितल्याशिवाय आंघोळही करत नाही. स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या 'पॅन्स' मापनश्रेणीवर त्याचे नकारात्मक लक्षणांचे (म्हणजे बोलणे, भावना, प्रेरणा कमी होण्याचे) गुण २८ वरून २१ वर आले आहेत. ही सुधारणा खरी मानावी का?

उत्तर : खरी मानावी, पण तेवढ्यावर थांबू नये. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या श्रेणीत नकारात्मक लक्षणांच्या सात बाबींना प्रत्येकी १ ते ७ गुण असतात. लक्षण मुळीच नसले तरी १ गुण मिळत असल्यामुळे तळ शून्यावर नसून ७ वर असतो; म्हणून तळाचे ७ वजा केल्यास ही घट वस्तुतः २१ वरून १४, म्हणजे एक चतुर्थांश नव्हे तर एक तृतीयांश आहे. मला खटकते ते वेगळेच. या सातांत अमूर्त विचारातील अडचण मोजली जाते, जी आज नकारात्मक लक्षणांऐवजी आकलनक्षमतेशी जोडली जाते. मात्र आनंद अनुभवण्याची क्षमता स्वतंत्रपणे तपासली जात नाही. नंतर आलेल्या 'बीएनएसएस' आणि 'केन्स' या प्रत्येकी १३ बाबींच्या श्रेणींत ती तपासली जाते आणि चेहऱ्याचा निर्विकारपणा व प्रेरणेचा अभाव वेगवेगळे पाहता येतात.

कोणतीही श्रेणी कारण मात्र सांगत नाही. हे गप्प राहणे नैराश्यामुळे किंवा औषधांनी आलेल्या ताठरपणामुळेही असू शकते, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. गुण ठरवण्यासाठीच्या पुढच्या मुलाखतीपूर्वी आठवडाभर तो आपणहून कधी उठला, कुणाशी बोलला, याची नोंद ठेवा. समाजापासून दूर राहण्याच्या बाबीला गुण देताना घरच्यांच्या किंवा देखभाल करणाऱ्यांच्या माहितीचा आधार घेतला जातो.