क्रातोवो अर्ध्या दिवसात उरकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन उत्तर मॅसेडोनियाला जाताय, स्कोप्ये आणि ओह्रिद ठरलंय, मधे एक दिवस मोकळा आहे. तेवढ्यात क्रातोवो हे खाणींचं जुनं गाव बघून होईल का, अर्धा दिवस पुरेल का, आणि तिथल्या जुन्या खाणीत उतरता येतं का?

आधी खाणीचं सांगते. डोक्यावर टोप चढवून, छोट्या गाडीत बसवून बोगद्यातून फिरवून आणतात, तशी अपेक्षा ठेवून तिथे जाऊ नका. क्रातोवोची खाण बघायची ती गावातल्या बुरुजांत, ओढ्यांच्या काठाने आणि आजूबाजूच्या डोंगरांत. आणि म्हणूनच अर्धा दिवस पुरत नाही. तेवढ्या वेळात पुलांचे आणि बुरुजांचे फोटो होतात, पण एवढ्याशा गावात इतके बुरुज कशाला, आडवाटेवरच्या मठात इतकी श्रीमंती कुठून आली, याचा पत्ता लागत नाही. दोन दिवस द्या, एक रात्र गावात काढा. त्यासाठी ओह्रिदमधली एक रात्र कमी करावी लागली तर खुशाल करा.

गाव देशाच्या ईशान्येला, ओसोगोवो डोंगरांच्या पश्चिम उतारावर आहे. स्कोप्येपासून साधारण ८० किलोमीटर. ते वसलंय विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात. आपण सह्याद्रीतली माणसं, ज्वालामुखीचा दगड म्हटलं की काळा बेसाल्ट डोळ्यांपुढे येतो: भेगांमधून पातळ लाव्हा वाहत गेला, थरावर थर बसले. इथलं प्रकरण वेगळं. इथला लाव्हा दाट, चिकट. स्फोट व्हायचे, राख उडायची, ती बसून टफ हा हलका, खरबरीत दगड तयार झाला आणि त्याच्या जोडीला अँडेसाइट हा कठीण दगड. मग पोटातल्या उष्णतेने तापलेलं पाणी भेगांमधून वर येत राहिलं आणि त्यात विरघळलेले धातू त्या भेगांत साठत गेले. शिसं, जस्त, तांबं, चांदी, थोडंफार सोनं. आपल्या काळ्या पाषाणात अशा शिरा सहसा मिळत नाहीत. क्रातोवोचं सगळं नशीब या एका फरकावर उभं आहे.

चांदी इथे सुटी सापडत नाही, ती शिशाच्या खनिजात मिसळलेली असते. ती वेगळी काढायची जुनी रीत समजून घेतलीत तर गाव वेगळं दिसेल. आधी खनिज लोणारी कोळशाच्या भट्टीत घालून शिसं काढायचं. मग ते शिसं हाडांच्या राखेच्या उथळ पात्रात तापवायचं आणि वरून भात्याने सतत वारा घालायचा. शिशाचं भस्म होतं, ते राखेत मुरतं, आणि शेवटी पात्रात फक्त चांदीचा गोळा उरतो. या कामाला दोन गोष्टी अमाप लागतात, कोळशासाठी जंगल आणि भाते-घण चालवायला वाहतं पाणी. गावाच्या मधून ओढे वाहतात आणि घरं त्यांच्या दोन्ही काठांवर चढत गेली आहेत. इतके पूल दिसतात ते त्यामुळेच. एका ओढ्याचं नाव ताबाच्का आहे, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचा ओढा. भट्टीवाले, चांभार, सोनार सगळे त्याच पाण्यावर जगत होते.

हे तंत्र मुख्यतः सॅक्सन, म्हणजे जर्मन भाषक, खाणकामगारांनी आणलं. १२४१च्या मंगोल स्वारीनंतर हंगेरीच्या राज्यातले जर्मन भाषक खाणकामगार दक्षिणेकडे सरकले, सर्बियाच्या राजांनी त्यांना सवलती देऊन बोलावलं, आणि एकामागून एक खाणींची गावं उभी राहिली. पाठोपाठ दुब्रोवनिकचे व्यापारी आले आणि माल एड्रियाटिक किनाऱ्याकडे जायला लागला. १४व्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख उस्मानी सत्तेखाली गेला. मला इथली सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट म्हणजे नव्या राज्यकर्त्यांनी खाणींचा जुना कायदा मोडला नाही. खाणीत कोणाचा किती वाटा, पाणी उपसण्याचा खर्च कोणी करायचा, बोगदा दुसऱ्याच्या बोगद्याला भिडला तर काय, हे सगळं सॅक्सन रिवाजानेच चालू राहिलं. इस्तंबूलच्या दफ्तरात त्याला नावच ‘कानून-ए-सास’, म्हणजे सॅक्सनांचा कायदा, असं पडलं. क्रातोवोत टांकसाळही होती आणि सुलतानाच्या नाण्यांवर या गावाचं नाव उमटत असे.

आता बुरुजांकडे या. आज सहा उभे आहेत: सिमिचचा, क्रस्तेचा, झ्लात्कोचा, हाजी कोस्ताचा, एमिन बेगचा आणि घड्याळाचा, ज्याला सात कुला म्हणतात (इथे ‘सात’ म्हणजे घड्याळ, ‘कुला’ म्हणजे बुरूज). एकेकाळी याहून बरेच जास्त होते. हे गडाचे बुरुज नाहीत, तट कुठेच नाही. प्रत्येक बुरूज म्हणजे एकेका मातब्बर घराची तिजोरी आणि आसरा. खाली माल, वर माणसं. सिमिचच्या बुरुजात जरूर शिरा. दार ठेंगणं, भिंती जाडजूड, खाली उजेड जेमतेम झरोक्यातून येईल तेवढाच, आणि वर जायला अरुंद, चढ्या पायऱ्या. भिंतीवर तळहात फिरवून बघा, दगड खरखरीत लागतो, मधेच बारीक खडे आणि भोकं लागतात. डोंगरातून जो दगड फोडून धातू काढला त्याच जातीच्या दगडात तो धातू जपून ठेवला. बुरुजांखालून बोगदे गेलेत, त्यांतले काही मोकळे केले आहेत. बुरूज उघडे मिळतीलच असं नाही. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी सांगून ठेवा, ते फोन करून किल्लीवाल्या माणसाला बोलावतात. बाबांच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय, त्यांनी पायऱ्या चढू नयेत. खालून बघितला तरी बुरूज कळतो.

पुलांपैकी रादाचा पूल सगळ्यांत देखणा, १८३३चा. पूल टिकेना म्हणून बांधणाऱ्या भावांपैकी धाकट्याच्या बायकोला, रादाला, त्यात चिणलं अशी कथा सांगतात. बाल्कनमध्ये ही कथा गावोगावी वेगवेगळ्या पुलांना आणि किल्ल्यांना जोडलेली आढळते. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखालच्या नाथनाक आणि देवकाईची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती ऐकताना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

धातूच्या पैशावर इथे लेखणीही चालली, हे पर्यटन पत्रकांत फारसं नसतं. १५व्या-१६व्या शतकांत क्रातोवो हस्तलिखितांसाठी नावाजलेलं होतं. पोप योवान या इथल्या पुरोहिताने १६व्या शतकात नक्षीदार अक्षरांत शुभवर्तमानाच्या प्रती तयार केल्या. त्याच काळातला गेओर्गी हा क्रातोवोचा तरुण सोनार सोफियात धंद्यासाठी गेला, धर्म बदलायला नकार दिला म्हणून १५१५ साली त्याला जिवंत जाळलं. ऑर्थोडॉक्स चर्च त्याला संत मानतं. चांदीच्या गावाचा संत सोनार असावा हे मला फार योग्य वाटतं.

गावाची भरभराट ओसरायला १६८९ हे साल मोठं कारण झालं. आपल्याला ते साल तुळापूरमुळे ठाऊक आहे. त्याच वर्षी शरद ऋतूत ऑस्ट्रियन सैन्य स्कोप्येपर्यंत पोचलं, शहर पेटवलं गेलं, आणि कार्पोश नावाच्या बंडखोराने क्रातोवो, क्रिवा पलांका, कुमानोवो या पट्ट्यात उठाव केला. खाणकामगार त्यात मोठ्या संख्येने होते. उठाव मोडला गेला आणि कार्पोशला स्कोप्येच्या दगडी पुलाजवळ ठार मारलं. तो पूल तुम्ही पहिल्याच संध्याकाळी ओलांडणार आहात. त्यानंतर माणसं पांगली, आणि अमेरिकेतल्या चांदीने युरोपचा बाजार आधीच बदलला होता.

आता बाहेरच्या जागा. स्कोप्येहून येताना कुमानोवोमार्गे या. वाटेत स्तारो नागोरिचाने गावात सर्बियाच्या राजा मिलुतिनने १३१३च्या सुमारास नव्याने उभारलेलं संत जॉर्जचं चर्च आहे, आतली चित्रं मिखाइल आणि युतिखिओस या जोडीची. कोकिनोची प्राचीन वेधशाळा त्याच बाजूला, पण तिथे खडकांवरून चढावं लागतं, आई-बाबांबरोबर तो नाद सोडा.

कुक्लित्सा मात्र चुकवू नका. क्रातोवोच्या वायव्येला, क्रिवा नदीच्या बाजूला, उतारावर शंभराहून जास्त दगडी सुळके माणसांच्या घोळक्यासारखे उभे आहेत, काही दहा मीटरपर्यंत उंच. वर कठीण दगडाची टोपी आणि खाली मऊ टफ, त्यामुळे पावसाने आजूबाजूचं धुऊन नेलं आणि टोपीखालचा खांब तेवढा वाचला. टोपी पडली की तो खांबही झिजून जातो. म्हणून कृपया सुळक्यांवर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका, फोटोसाठी लोक चढतात आणि ते बघवत नाही. गावकरी म्हणतात हे लग्नाचं वऱ्हाड आहे: एका माणसाने एकाच दिवशी दोघींशी लग्न लावायचं ठरवलं, पहिलीने दुसरं लग्न पाहिलं आणि सगळ्यांना शाप देऊन दगड केलं. ऊन उतरल्यावर जा, सप्टेंबरात दुपारी तिथे सावली नाही.

आणि आता लेस्नोवोचा मठ. सगळ्या प्रवासात एकच जागा निवडायची वेळ आली तर मी हीच निवडेन. क्रातोवोहून प्रोबिश्तिपच्या बाजूला जाऊन डोंगरात चढणारा रस्ता घ्यायचा. हे गावसुद्धा ज्वालामुखीच्या मुखात आहे आणि इथले कारागीर पिढ्यान् पिढ्या जात्याची तळी घडवायचे. मठाचं चर्च १३४१ सालचं, बांधलं योवान ओलिव्हरने. हा सर्बियाच्या सम्राट दुशानच्या दरबारातला बडा सरदार. हा खाणीचा मुलूख त्याच्या ताब्यात होता आणि त्याने स्वतःची नाणीही पाडली. आत तो भिंतीवर उभा आहे, अंगावर नक्षीदार वस्त्रं, हातात या चर्चची छोटी प्रतिकृती. ते वस्त्र नीट बघा. बुरूज, भट्टी, कोळसा, ओढा यांतून निघालेला पैसा अखेर कुठे पोचायचा, हे त्या चित्रात दिसतं.

पुढचा मंडप १३४९चा. तिथे स्तोत्रांवर काढलेली चित्रं आहेत, त्यांत बारा राशी आहेत आणि ढोलवाद्यांच्या तालावर हात धरून फेर धरलेली माणसं आहेत. आईंना राशी ओळखायला सांगा, बऱ्याचशा ओळखता येतात. विजेरी बरोबर ठेवा पण चित्रांवर फ्लॅश मारू नका. गाभाऱ्यापुढचा लाकडी कोरीव पडदा १९व्या शतकाच्या सुरुवातीचा, ज्या कारागिरांनी स्कोप्येच्या स्वेती स्पास चर्चमधला पडदा कोरला त्यांच्याच हातचा. दोन्ही बघितलेत तर हात ओळखू येतो. मठात खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. इथलं खाणकाम संपलेलं नाही. प्रोबिश्तिपजवळ झ्लेतोवोची शिसं-जस्ताची खाण आहे आणि डोंगरापलीकडे सासाची. ‘सासा’ हे नाव सॅक्सन लोकांवरूनच पडलंय. २००३ साली सासाच्या गाळाच्या धरणाला भगदाड पडून गाळ कामेनित्सा नदीतून थेट कालिमान्त्सी जलाशयात गेला. क्रातोवोजवळच्या प्लाविचा डोंगरातही सोन्या-तांब्यासाठी शोध झाला आहे आणि त्यावरून लोकांत मतभेद आहेत. रोजगार नाही म्हणून तरुण गाव सोडतात, आणि खाण आली तर पाण्याचं काय ही भीतीही खरी आहे. कोणाशी बोलणं निघालं तर ऐकून घ्या, दोन्ही बाजूंची माणसं आपल्या गावाबद्दलच बोलत असतात. माझं मत विचाराल तर ज्या गावाच्या अंगाखाली इतका इतिहास आहे तिथे डोंगराचा माथा उघडा करणारी खाण नको.

जेवणाचं: तुम्ही शाकाहारी आहात, काळजी नको. तावचे ग्रावचे म्हणजे मातीच्या भांड्यात भाजलेला राजम्यासारखा घेवडा, तो मांसाशिवाय मिळतो, पण विचारून घ्या. ऐवर आणि पिंजूर या भाजलेल्या ढोबळ्या मिरचीच्या चटण्या आई-बाबांना नक्की आवडतील. ‘पोस्नो’ म्हणून मागितलंत तर उपवासाचं, म्हणजे मांस-दूध-अंडं नसलेलं जेवण मिळतं. काही जण त्यात मासे धरतात, तेवढं आधी स्पष्ट करा. पास्त्रमाइलिया ही भाजलेली रोटी मात्र मांसाचीच असते.

गाडी भाड्याने घ्या. बसने क्रातोवोपर्यंत जाता येतं, पण कुक्लित्सा आणि लेस्नोवो बसने जमत नाही. पहिल्या दिवशी नागोरिचाने, मग संध्याकाळी कुक्लित्सा, मुक्काम क्रातोवोत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार, पूल, सिमिचचा बुरूज, दुपारी लेस्नोवो, आणि परत जाताना प्रोबिश्तिप, स्वेती निकोले करत स्कोप्ये. गावातल्या गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आणि चढ-उताराच्या आहेत, बाबांना चांगली पकड असलेले बूट घ्या, आणि मुक्काम ओढ्याकाठी, बाजाराजवळच बघा, वरच्या आळीत नको.