जुनी शिडाची बोट घेतलीत, आता रिगिंगचं काय? तुमचे प्रश्न

नारळी पौर्णिमा जवळ आली की बोटी पाण्यात टाकायची घाई सुरू होते आणि मेसेजही वाढतात. यावेळी बहुतेक सगळे नवीन मालकांचे आहेत. म्हणजे बोट सेकंडहँड, मालक नवीन.

२४ फुटी बोट घेतली, आधीच्या मालकाला डोलकाठीच्या वायरी कधी बदलल्या ते आठवत नाही. सगळं काढून नवीन करू का? (ठाणे)

वय माहीत नसेल तर म्हातारं समजायचं. साधारण दहा वर्षांनी स्टँडिंग रिगिंग, म्हणजे डोलकाठीला उभं धरून ठेवणाऱ्या वायरी, बदलाव्यात असा सगळीकडे ठोकताळा आहे, आणि आपली हवा खारट, वर दमट, त्यामुळे इथे त्याच्या पुढे ताणू नये. पण पैसे काढायच्या आधी अर्धा दिवस नीट बघण्यात घालवा. वायर मधोमध क्वचितच तुटते, ती तुटते टोकाला, जिथे ती फिटिंगमध्ये शिरते. एक कापूस किंवा जुन्या बनियनचा तुकडा घ्या आणि वायरीवरून खालून वर फिरवा (हाताने नको, तुटलेली तार बोटात घुसते ना तेव्हा कळतं), कापूस अडकला म्हणजे तार तुटलेली आहे. एक जरी तुटली असेल तरी ती वायर गेली, आणि समोरच्या बाजूची जोडीदारही बदला, दोघींनी सारखंच सोसलेलं असतं. मग दाबून बसवलेली नळीसारखी टोकं भिंगाने बघा, उभी बारीक चीर, फुगवटा, किंवा ती केळ्यासारखी वाकलेली असली तर बाद. शंका आली तर वेल्डिंगवाले वापरतात ते डाय पेनिट्रंट मारून बघा, लाल स्प्रे, पुसायचा, पांढरा स्प्रे, चीर असली तर लाल रेघ उमटते.

आणि लोक विसरतात ती जागा म्हणजे चेनप्लेट, वायर खाली ज्या पट्टीला बांधलेली असते ती. डेकमधून ती आत जाते तो भाग दिसतच नाही. केबिनमध्ये आतून प्लायवुडवर तपकिरी ओघळ दिसले तर पट्टी काढून बघा, नुसतं वरून सिलिकॉन फासून पुढे जाऊ नका प्लीज.

दादा, स्टेनलेस आहे तरी गंज कसा चढतो? दुकानदाराने फसवलं का? (भाईंदर)

फसवलंच असेल असं नाही. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तो ऑक्सिजन मिळाला तरच टिकतो. वरवर जे चहाच्या डागासारखं तपकिरी दिसतं ते गोड्या पाण्याने आणि थोड्या पॉलिशने जातं, त्याची एवढी काळजी नाही. काळजी आहे ती बंद जागांची, नळीच्या आत, टेपच्या खाली, तिथे खारं पाणी साचतं, हवा पोचत नाही आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. म्हणून टर्नबकलला, म्हणजे वायर आवळायच्या आट्यांच्या फिटिंगला, ममीसारखी टेप गुंडाळू नका, त्याला फिरू न देणाऱ्या स्प्लिट पिनच्या टोकांवर दोन वेढे पुरे.

वायर घेताना ३१६ ग्रेड मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला ती ३०४ पेक्षा जास्त टिकते. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात कोणी चुंबक लावून "बघा ओरिजिनल" म्हणाला तर हसून सर्टिफिकेट मागा, चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. बांधणी १×१९ हवी, म्हणजे एकोणीस जाड तारांचा एकच पीळ. जास्त लवचिक ७×१९ (बारीक तारांचे सात पीळ) मिळते पण ती ताणते, डोलकाठीच्या आधाराला नको. आणि यू आकाराचे वायर क्लिप लावून टोक करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जायचं.

हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोरीला) साधी नायलॉनची दोरी चालेल का? स्वस्त पडते. (कुलाबा)

नाही. नायलॉन रबरासारखं ताणतं, नांगराला तो गुण आहे, शीड वर चढवायला दोष. वारा वाढला की दोरी ताणणार, शिडाची पुढची कड सैल पडणार, पोट मागे सरकणार, बोट नुसती कलणार आणि पुढे जाणार नाही. पॉलिएस्टरची डबल ब्रेड (आत एक, बाहेर एक अशी दुहेरी विणीची) घ्या, २४ फुटी बोटीला ८ मिमी पुष्कळ. डायनिमा नावाचा न ताणणारा धागा भारी असतो, पण निसरडं, गाठ मारली की ताकद बरीच जाते, स्प्लाइस, म्हणजे गाठीऐवजी दोरी दोरीतच विणून टोक, करता येत नसेल तर घेऊ नका, रविवारी मांडव्याला जाऊन यायला त्याची गरजही नाही. दोऱ्या कडक झाल्या असतील तर फेकू नका, बादलीत गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, हलका साबण, सावलीत वाळवा. ब्लीच नको.

टेन्शन गेज (ताण मोजायचं साधन) नाही, वायरी किती आवळायच्या? (नवी मुंबई)

आधी डोलकाठी सरळ आहे का ते बघा, मोठ्या शिडाच्या, म्हणजे मेन हॅलयार्डचं टोक दोन्ही बाजूच्या चेनप्लेटला लावून मापा, दोन्ही माप सारखं यायला हवं. मग दोन मीटरची लाकडी पट्टी घ्या, वरचं टोक वायरीला घट्ट टेप करा, खालचं टोक मोकळं, आणि वायर नुसती हाताने ताठ असताना पट्टी संपते तिथे वायरीवर खूण करा. आता टर्नबकल आवळा. खूण पट्टीपासून १ मिमी सरकली की १×१९ वायरीत तुटण्याच्या ताकदीच्या साधारण ५ टक्के ताण आला. बाजूच्या सगळ्यात बाहेरच्या, वरपर्यंत जाणाऱ्या वायरींना ३ मिमी, म्हणजे १५ टक्के, ही चांगली सुरुवात. एकच बाजू पिळत बसायचं नाही, इकडे दोन आटे तिकडे दोन आटे. आट्यांना आधी लॅनोलिन ग्रीस लावा, स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की जाम होतं आणि मग करवतच लागते. शेवटी बाहेर जाऊन बघा, बऱ्यापैकी वाऱ्यात कललेली असताना वाऱ्याआडची वायर लोंबकळता कामा नये.

झालं की स्प्लिट पिन घाला. पंधरा रुपयांची ती पिन नसली ना की टर्नबकल स्वतःच उलगडत जातो, कितीही भारी वायर असू दे.

डोलकाठीवर चढायची भीती वाटते. (विलेपार्ले)

वाटू दे, चांगलं आहे. दोन हॅलयार्ड, दोन्ही तुम्ही बसून वर जाणार त्या खुर्चीला बोलाइन गाठीने बांधलेली, स्नॅप शॅकलवर (झटकन उघडणाऱ्या कडीवर) भरवसा नाही. विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चरकावर, अनुभवी माणूस, खाली कोणी उभं नाही, हत्यारं दोरीने बांधलेली. शेजारून फेरीबोट जाते तेव्हा वर काय झोका बसतो ते खालून कळत नाही, त्यामुळे शांत वेळ बघा. आणि वायरींचीच खात्री नसेल तर चढूच नका, डोलकाठी उतरवून घ्या.

समुद्रात वायर तुटलीच तर? (अलिबाग)

कुठली तुटली त्यावर आहे. वारा येतो त्या बाजूची तुटली तर लगेच टॅक करा, बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घ्या, म्हणजे भार दुसऱ्या धड बाजूवर जाईल. पुढची तुटली तर बोट वाऱ्याकडे पाठ करून वळवा, वारा मागून आला की डोलकाठी पुढे ढकलली जाते आणि मागच्या वायरीवर टेकते. मागची तुटली तर उलट, नाक वाऱ्यात घाला आणि मेनशीट, म्हणजे मोठं शीड आत ओढायची दोरी, आवळा. हे इतकं डोक्यात बसलेलं पाहिजे की विचार करावा लागू नये. मग रिकामं हॅलयार्ड त्या बाजूला नेऊन विंचने ताणा, शीड उतरवा. इंजिन चालू करायच्या आधी पाण्यात लोंबणाऱ्या दोऱ्या गोळा करा, पंख्यात अडकली की दोन संकटं.

पावसाळ्यात बोट वर काढली की दोऱ्या तशाच ठेवू का? (माहीम)

काढा. चार महिने लपलप आपटून डोलकाठी घासते, दोरी शेवाळते. प्रत्येक हॅलयार्डच्या टोकाला पातळ दोरी जोडून ती डोलकाठीच्या आत ओढून ठेवा आणि मूळची घरी न्या. जोड मात्र सुईदोऱ्याने शिवा, नुसत्या टेपने नको, वरच्या पुलीत अडकून सुटला की पातळ दोरी आतच राहते आणि परत पार्लेकरांना वर पाठवावं लागतं.