विचारा बिनधास्त: विमानाची डिग्री घ्यायची की लायसन्स?

प्रश्न: आम्ही विश्रांतवाडीला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम. लोहगाववरनं सुखोई उडालं की पुस्तक टाकून गच्चीत पळते. तिला एरोनॉटिकलच करायचंय. एका कॉलेजात सांगितलं की चार वर्षांचं बीटेक झालं की थेट एअरलाइनमध्ये इंजिनिअर. तिचे काका म्हणतात गपचूप मेकॅनिकल घे. फी भरायच्या आधी काय बघू?

उत्तर: ताई, त्या 'थेट'वर जाऊ नका. विमान दुरुस्त होऊन परत उडायला सोडताना ज्या कागदावर सही लागते ना, ती सही बीटेकवाला करू शकत नाही, अगदी आयआयटीचा असला तरी. त्या सहीला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचं लायसन्स लागतं, सीएआर-६६ नियमाखालचं. त्यातली बी१.१ कॅटेगरी म्हणजे जेटसारख्या टर्बाइन इंजिनच्या विमानाचं इंजिन आणि बॉडी, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स, वायरिंग, रेडिओ वगैरे. बारावी पीसीएमवर एएमईचा कोर्स करता येतो, मॉड्यूलच्या, म्हणजे विषयवार परीक्षांना पासिंगच ७५ टक्के, आणि वर चालू विमानांवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तर २ वर्षांचा. इन्स्टिट्यूटच्या आवारात उभं केलेलं जुनं विमान शिकायला ठीक आहे, पण तो अनुभव त्यावर मिळत नाही. म्हणून विचारायचं ते हे की ही २ वर्षं कुठल्या हँगरमध्ये आणि कुठल्या विमानावर, आणि ते लेखी द्या म्हणायचं. इन्स्टिट्यूटला सीएआर-१४७ची, म्हणजे एएमई शिकवायची मान्यता आहे का, कुठल्या कॅटेगरीची, ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा, ब्रोशरमध्ये नको. शंभर टक्के प्लेसमेंट तर पुण्यात गल्लोगल्ली मिळते, फ्लेक्सवर.

बीटेक एरोनॉटिकल किंवा एरोस्पेस हे वेगळंच काम. एरोडायनॅमिक्स (हवेचा प्रवाह), प्रोपल्शन (इंजिनचा जोर), स्ट्रक्चर्स, फ्लाइट मेकॅनिक्स, आणि या सगळ्याखाली गणित, भरपूर गणित. इथून पोरं एचएएल (विमानं बनवणारी सरकारी कंपनी), एनएएल (विमान संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा), इस्रो, डीआरडीओ नाहीतर डिझाइन-अ‍ॅनालिसिस करणाऱ्या प्रायव्हेट कंपन्यांकडे जातात. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला चांगला रँक आला तर पवईच्या आयआयटीत एरोस्पेस आहे, तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी (अंतराळ विज्ञानाची संस्था) सुद्धा त्याच रँकवर घेतं. तिथं लागलं तर डोळे झाकून पाठवा.

नाही लागलं तर काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही बरं का. चांगल्या कॉलेजातलं मेकॅनिकल हे नवख्या कॉलेजातल्या एरोनॉटिकलपेक्षा मी तरी वर ठेवेन. मेकॅनिकल करून गेटचा (एमटेकची प्रवेश परीक्षा) एरोस्पेसचा पेपर देता येतो, एमटेकला खडकवासल्याजवळ गिरीनगरच्या डायटमध्ये (संरक्षण खात्याचं विद्यापीठ) एरोस्पेस आहे, आणि एअरफोर्सच्या टेक्निकल ब्रँचला एएफकॅट या एअरफोर्सच्या परीक्षेतून मेकॅनिकलवालेही जातात. शाखा बदलली म्हणून विमान सुटत नाही, पण चार वर्षं धड लॅब आणि शिकवणारे नसले तर ते मात्र कुठंच भरून निघत नाही.

आता तिलाच एक विचारा. सुखोई बघून तिला 'एवढं जड धूड वर जातं कसं' असं वाटतं, की 'ते उघडून बघायला मिळालं तर' असं वाटतं? पहिलं असेल तर बीटेक, दुसरं असेल तर एएमई. आणि एएमईमध्ये रात्रपाळी असते, पावसात रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या मोकळ्या जागेत, उभं राहावं लागतं, हे पण आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: मी एएमई करतोय. लायसन्स म्हणजे डिग्रीच ना? पुढं यूपीएससी द्यायचा विचार आहे.

उत्तर: नाही रे, लायसन्स म्हणजे डिग्री नाही. यूपीएससीला, एमबीएला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवीच लागते. म्हणूनच बरीच पोरं सोबत बीएस्सी करतात. तुझ्या इन्स्टिट्यूटने डिग्री 'सोबत मिळेल' म्हटलं असेल तर कुठल्या विद्यापीठाची ते विचार आणि ते यूजीसीच्या यादीत आहे का बघ. मुक्त विद्यापीठातनं पदवी केलीस तरी चालतं, खर्चही बराच कमी.

प्रश्न: पायलट व्हायचंय. आधी बीबीए एव्हिएशन केलं तर फायदा होईल का?

उत्तर: बीबीए एव्हिएशन म्हणजे एअरपोर्ट आणि एअरलाइनचं मॅनेजमेंट, त्यात उडवायला शिकवत नाहीत. कमर्शियल पायलट लायसन्सला डिग्री लागतच नाही, बारावीला फिजिक्स-मॅथ्स आणि २०० तासांचं फ्लाइंग लागतं. खर्च लाखांत जातो, म्हणून एक पैसा भरायच्या आधी डीजीसीएची मान्यता असलेल्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल (पहिली वैद्यकीय तपासणी) करून घे, मग त्याहून कडक क्लास वन. तिथं अडकलं तर निदान फी तरी वाचेल.