सुनेचं काम मुलानं केलं म्हणून?

प्रश्न: मुलाला बारावी सायन्सला 61 टक्के, नीटमध्येही जमलं नाही. आता बी.एस्सी. नर्सिंगला जातो म्हणतो. माझ्या आईला लकवा झालाय, तिचं वर्षभर त्यानंच केलं, त्यात मार्क गेले. पाठीला जखम होऊ दिली नाही हे खरं, पण ते काम सुनेचं. ही सकाळी अंगणवाडीत. नर्सिंगला मुलांना घेतात का? उद्या मुलगी कोण देईल? नीट रिपीट करायला लावू का?
— एक वडील, सोलापूर जिल्हा

उत्तर: मार्कांचं नंतर बघू. अंथरुणाला खिळलेली बाई तुमची आई आहे. तिचं करणं सुनेचं काम असं तुम्ही लिहिता. तुमच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं, ते पत्रात कुठेच नाही. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. ओली चादर लगेच काढावी लागते. तेव्हा कुठे पाठ शाबूत राहते. बारावीच्या वर्षात पोरानं हे केलं, आणि घरात त्याला बोलणी बसली. मला राग आला, लपवत नाही. आजपासून रात्रीची पाळी तुम्ही घ्या. कूस कशी बदलायची, ते तो शिकवेल.

नर्सिंगला मुलांना घेतात. घोळ एएनएम, म्हणजे सहायक नर्स-दाईच्या कोर्समुळे होतो; तो कोर्स तेवढा फक्त मुलींसाठी आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आणि चार वर्षांची बी.एस्सी. दोन्हीकडे मुलं असतात. आयसीयूत, डायलिसिसला, ऑपरेशन थिएटरमध्ये ‘ब्रदर’ तुम्हीही पाहिले असतील. केंद्र सरकारी रुग्णालयांत 2016 पासून पदाचं नावच नर्सिंग ऑफिसर आहे. अडचणही सांगते: एम्सच्या भरतीत 80 टक्के जागा महिलांना आहेत, आणि लष्कराच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये फक्त महिलाच घेतात. हे त्याला आधीच माहीत असू द्या.

नीट रिपीट नको. त्याला डॉक्टर व्हायचंय, असं तुमच्या पत्रात एकदाही आलेलं नाही.

लग्नाचं म्हणाल, तर आजाऱ्याचं करता येणं हा ज्यांना मुलाचा दोष वाटतो, त्या घराशी सोयरीक न झालेलीच बरी.

बी.एस्सी.साठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या रुग्णालयात पाठवतात, हे फी भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. जाताना मुलाला सोबत न्या, प्रश्न त्याला विचारू द्या.